टिटवीची राखण

शिकागोजवळ शॉमबर्गमधल्या आमच्या टाउनहाउसच्या मागे पाहुण्यांच्या गाड्यांसाठी एक छोटं पार्किंग आहे आणि त्याच्या कडेनं खडी टाकलेला एक पट्टा. मे महिन्यातली दुपार होती. मी घरूनच काम करतो. दोन मीटिंगांच्या मधे चहा करायला उठलो, तर उघड्या खिडकीतून आवाज आला.

"काका, जवळ नका जाऊ. ती डरते."

'घाबरते म्हणतात,' असं मी सवयीनं मनातल्या मनात म्हणालो आणि आधण गॅसवर ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं, की हा आवाज माझ्या मुलीचा आहे.

तेव्हा ती सोळा वर्षांची होती. इथेच जन्मलेली. ती लहान असताना दर रविवारी मी तिला गाडीनं लांबच्या गावात भरणाऱ्या मराठी शाळेत नेत असे. नुसता नेत नसे, तिथे शिकवतही असे. मुळाक्षरांची चित्रं मी स्वतः काढली होती, आणि मुलांना कळावं म्हणून अननसाच्या जागी अवोकाडो काढायचा मोहसुद्धा टाळला होता. अकरा वर्षांची झाल्यावर एका रविवारी ती गाडीत बसायलाच आली नाही. म्हणाली, "डॅड, मला सगळं कळतं. दॅट्स इनफ, नो?" त्या दिवसापासून आमच्या घरात मी मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तेही अलीकडे दोन-तीन शब्दांत.

आणि आता ती खिडकीखाली उभी राहून दुसऱ्याच कुणाशी तरी मराठीत बोलत होती.

ते काका म्हणजे आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणाऱ्या मुलाचे वडील. मुलगा अकोल्याकडचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. तो आणि त्याची बायको सकाळी निघून जात आणि संध्याकाळी परत येत. काका सहा महिन्यांसाठी आले होते. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्या आल्या नव्हत्या. जन्मभर एसटीत कंडक्टर. घसा मोकळा, बोलणं अस्सल वऱ्हाडी, 'पाहा'ला 'पाय' आणि 'का'ला 'काहून' म्हणणारं, आणि ऐकायला दिवसभर कुणी नाही. मुलाची बेसबॉलची टोपी आणि अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून ते काठी टेकत आमच्या गल्लीत फेऱ्या मारत. मी दोन-तीनदा गाठ पडल्यावर "काका, कसं काय?" म्हटलं होतं. त्यांनी प्रत्येक वेळी सविस्तर उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मला प्रत्येक वेळी कुठेतरी जायचं असे.

मी चहा ओतून घेतला आणि खिडकीच्या कडेला उभा राहिलो. खडीच्या पट्ट्यात एक पक्षी होता. पाठ तपकिरी, पोट पांढरं, गळ्यात दोन काळे पट्टे. तो किंचाळत, एक पंख जमिनीवरून फरफटत, लंगडत लंगडत दूर चालला होता.

"जखमी हाय वं ते," काका म्हणाले.

"नाही काका, ती... ॲक्टिंग करते. तिचे एग्ज तिथे आहे. आपण तिच्या मागे जायला पाहिजे म्हणून."

"असं? मोठी हुशार हाय मंग!" काका खदखदून हसले. "हे तं आमची टिटवीच होय. आमच्याकडं वावरात असते. दोन पदरी मंगळसूत्र घातलेलं हाय पाय हिनं."

"मंगळसूत्र?" मुलगी हसली. असं मोकळं हसणं मी घरात बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं.

इथे त्या पक्ष्याला किलडिअर म्हणतात, हे मला त्याच दिवशी कळलं. टिटवीच्याच नात्यातला. घरटं म्हणजे खडीत एक उथळ खळगा, बाकी काही नाही. त्यात चार अंडी, खडीसारखीच ठिपक्याठिपक्यांची, टोकं आतल्या बाजूला वळवून ठेवलेली. मुलीला ती दिसली नसती तर एखाद्या गाडीच्या चाकाखाली त्याच संध्याकाळी गेली असती. मी हे सगळं तिला जेवताना विचारलं. ती म्हणाली, "इट्स अ बर्ड, डॅड," आणि भात संपवून वर गेली.

दुसऱ्या दिवसापासून राखण सुरू झाली. मुलगी शाळेत असे तेव्हा काका घडीची खुर्ची टाकून खडीच्या पट्ट्यापासून जरा दूर, मेपलच्या सावलीत बसत. कुणी गाडी त्या कडेला लावायला आलं की काठी आडवी धरून "नो, नो, बर्ड, बर्ड!" म्हणत. माणसं हसत आणि गाडी दुसरीकडे लावत. कुणी कुत्रा घेऊन आलं की काका उठून उभे राहत. तीन वाजता शाळेची बस आली की मुलगी दप्तर दारात फेकून सरळ तिकडे जाई. गवतावर मांडी घालून बसे, आणि मग दोघांचं बोलणं सुरू होई.

माझं टेबल खिडकीशीच आहे. मी मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून कान देऊन ऐकत असे. काकांना पक्ष्यांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. एकदा त्यांनी वाटीत भिजवलेले पोहे आणले. मुलीनं त्यांना सांगितलं, की ती किडे खाते, आणि इथे जंगली पक्ष्याला हातानं खायला घालायचं नसतं. काकांनी ते पोहे साखर घालून स्वतःच खाल्ले. पण गोष्टी सांगायला त्यांना काही कारण लागत नसे. यात्रेच्या दिवसांत गाडीच्या टपावर बसलेले लोक, तिकीट चुकवायला बोकडाच्या आड लपलेला माणूस, घाटात बंद पडलेली गाडी आणि तिच्यातच बाळंत झालेली बाई. मुलगी मधेमधे विचारी, "बोकड म्हणजे?" आणि काका बेंबें करून दाखवत. मी तिला 'ब बोकडाचा' तीन वर्षं शिकवला होता.

सगळ्यात जास्त मला काय लागलं, तर ती त्यांच्यासारखं बोलायला लागली. मी पुण्याचा. आमच्या घरात ण आणि न यांच्यात गल्लत झाली तर आई ताटावरून उठवत असे. आणि माझी मुलगी खिडकीखाली म्हणत होती, "काका, तुमी जेवले का? मी आत्ता येऊन राहिली." एका संध्याकाळी ती पाणी प्यायला आत आली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "येऊन राहिली नाही गं. 'येते आहे.' आणि 'तुम्ही जेवलात का'."

तिनं ग्लास ओट्यावर ठेवला. "ओके," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

बायको भाजी चिरत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "तू जळतोयस."

"कुणावर? त्या म्हाताऱ्यावर?"

"हो. त्या म्हाताऱ्यावरच."

"काहीतरीच बोलू नकोस. उलट ती मराठी बोलतेय याचा मला आनंदच आहे."

"मग चेहरा असा का आहे? ते काका तिला चुकू देतात, म्हणून बोलते ती. तू देत नाहीस."

मी तिच्याशी वाद घातला. भाषा म्हणजे काय वाटेल ते चालतं असं नसतं, असं बरंच काही बोललो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी एका निवृत्त कंडक्टरचा हेवा करत होतो, हे खरंच होतं. 

मी मग मुलीसाठी दुर्बीण मागवली. साधी नाही, चांगली. परीक्षणं वाचून, दोन-तीन कंपन्यांची तुलना करून. ती आली तेव्हा तिच्या टेबलावर खोक्यासकट ठेवली. "थँक्स, डॅड, धिस इज रिअली नाइस," ती म्हणाली. खरंच खूश झाली होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी खिडकीतून पाहिलं तर दुर्बीण काकांच्या गळ्यात. ते ती उलटी धरून टिटवीकडे बघत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "लय दूर गेली वं हे!" मुलगी शाळेत जाताना त्यांना देऊन गेली होती, कारण दिवसभर राखणीला तेच तर होते. 

त्यातच सोसायटीची ईमेल आली, की जूनच्या पहिल्या आठवड्यात पार्किंगवर नवा काळा थर घालणार, सगळ्यांनी गाड्या हलवाव्यात. यंत्रं त्या खडीवरूनच जाणार होती. मी मॅनेजरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कंत्राटदाराचा दिवस ठरलाय. मी पुन्हा फोन केला. या इथल्या पक्ष्याच्या अंड्यांसकट घरट्याला हात लावायला कायद्यानं बंदी आहे, ते मी त्यांना नीट लिहून पाठवलं. तीन-चार पत्रं गेली-आली. शेवटी तो कोपरा पिल्लं जाईपर्यंत सोडायचं कबूल झालं आणि मॅनेजरबाईंनी नारिंगी शंकू पाठवले. शंकू घेऊन माणूस आला तेव्हा मी कॉलवर होतो. ते लावले काकांनी, काठीनं अंतर मोजत. मुलगी शाळेतून आली, शंकू पाहिले आणि आनंदानं ओरडली, "काका! हे तुमी केलं?"

काका भोळेपणानं म्हणाले, "मी लावले पाय. मस्त दिसून राहिले न?"

मी खिडकी बंद केली.

आणि मग ती दुपार आली. मी मीटिंगमध्ये बोलत होतो. तेवढ्यात बाहेरून काकांचा आवाज आला. गोष्ट सांगतानाचा नाही. भरलेल्या बसस्टँडवर या टोकापासून त्या टोकाला पोचेल असा.

"अबे पोट्टेहो! काहून मारून राहिले तिले? तुमचं काय खाल्लं तिनं?"

मी हेडसेटसकट धावलो. सायकलवरून आलेली तीन मुलं होती, बारा-तेरा वर्षांची, शेजारच्या कॉम्प्लेक्समधली. त्यांची शाळा आमच्या मुलीच्या शाळेआधी सुटते. टिटवी पंख फरफटत, किंचाळत त्यांच्यापुढे लंगडत होती आणि ती मुलं खडीतलेच दगड उचलून तिला मारत होती. तिला उडता येत नाही असं त्यांना वाटत होतं, म्हणून त्यांना जास्त मजा येत होती. दगड लागला की ती कशी कोलमडते ते बघायचं होतं. एक दगड तिच्या शेजारी आपटून उडाला, दुसरा शंकूवर. टिटवी त्यांना खूप जवळ येऊ द्यायची आणि पुन्हा पुढे सरकायची. घरट्यापासून त्यांना लांब न्यायचं तिचं काम ती दगड खात करत होती. काका काठी उंच धरून त्यांच्या आणि तिच्या मधे जाऊन उभे राहिले. एक दगड काकांच्या नडगीला लागला. काकांनी काठी हवेत गरगर फिरवली आणि अशी काही आरोळी ठोकली, की मुलं सायकली टाकून पळाली.

मी पोचेपर्यंत हे सगळं झालं होतं. घरट्यात पाहिलं तर एक अंडं फुटलेलं. एक दगड थेट आत पडला होता.

काका खुर्चीत बसले. त्यांचा श्वास फुलला होता. "काय मिळते बा यायले असं करून?" ते मला म्हणाले. "मले समजतच नाही."

मलाही समजत नव्हतं. मी त्यांना पाणी आणून दिलं. नडगीवर बर्फ ठेवला. त्यांच्या शेजारी बसून मी पहिल्यांदाच त्यांच्याशी नीट बोलत होतो, तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

त्यातल्या एका मुलाच्या आईनं फोन केला होता: एक अनोळखी म्हातारा मुलांवर काठी घेऊन धावला. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. पण कमरेला पिस्तूल होतं आणि काकांची नजर त्यावरून हलत नव्हती. त्यानं त्यांना नाव विचारलं, कुठे राहता विचारलं.  जन्मभर हजारो माणसांशी बोललेला तो माणूस, ओठ हलवून गप्प झाला. मी पुढे झालो. मी सांगितलं हे कोण, कुठे राहतात, इथे का बसतात. दगडांचं सांगितलं, नडगी दाखवली, घरटं दाखवलं.

"मी त्यायले हात नाही लावला," काका मला हळूच म्हणाले. "बोंबललो फक्त. सांगा न त्यायले, भाऊ. पोराच्या व्हिसाले काही होनार नाही न?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काही होणार नाही काका. मी आहे ना."

हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो. त्या क्षणी माझ्या मनात हेव्याचा लवलेश नव्हता. मग शाळेची बस आली. मुलीनं पोलिसांची गाडी पाहिली आणि ती धावत सुटली. माझ्यासमोरून, माझ्याकडे न बघता गेली आणि काकांचा दंड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. अधिकाऱ्याला ती काय बोलली ते इंग्रजीत होतं आणि एक शब्द अडखळला नाही: हे घरटं कायद्यानं सुरक्षित आहे, दगड मारणं हा गुन्हा आहे, हे माझे काका आहेत आणि यांनी तो थांबवला.

माझे काका.

अधिकाऱ्यानं वाकून घरटं पाहिलं. तोवर टिटवी परत येऊन उरलेल्या तीन अंड्यांवर बसली होती, चोच उघडी टाकून धापा टाकत. तो सरळ उभा राहिला. म्हणाला, मी त्या मुलांच्या घरी जाऊन बोलतो, आणि या सरांना सांगा की त्यांनी बरोबर केलं, फक्त पुढच्या वेळी काठी खाली ठेवून आम्हाला बोलवा. मी हे मराठीत सांगितलं. काकांनी त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

रात्री जेवताना मुलगी आईला सगळं सांगत होती. काका कसे मधे उभे राहिले, काकांना दगड कसा लागला, काका किती ब्रेव्ह. बायकोनं माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि बाबा कुठे होता?"

"ओह, डॅड वॉज देअर टू," मुलगी म्हणाली.

त्यानंतर काका दिसेनासे झाले. खुर्ची मेपलखाली रिकामी पडून होती. मुलगी त्यांच्या दारापर्यंत जाऊन आली. त्यांच्या मुलानं दारातूनच सांगितलं होतं, की बाबांची तब्येत बरी नाही, ते आता बाहेर बसणार नाहीत. मुलगा घाबरला होता, हे उघड होतं.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्या आधी मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, चला, जागा रिकामी झाली. त्या शनिवारी मी त्या खुर्चीत जाऊन बसलो. मुलगी गवतावर होती. मी विचारलं, "अंडी किती दिवसांत फुटतील?" ती म्हणाली, "सून." मी कॉलेजच्या अर्जांचं काय झालं विचारलं. ती म्हणाली, "डॅड, प्लीज," आणि कानात इअरबड घातले. मला एकही गोष्ट सुचेना. माझ्याकडे बोकडाआड लपलेला माणूस नव्हता. माझ्याकडे सगळ्या शुद्ध शब्दांचा साठा होता आणि सांगायला काही नव्हतं. मुलगी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून टिटवीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा उतरलेला होता, की मला तिथे बसवेना.

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. एकटाच. काका सोफ्यावर टीव्हीसमोर बसले होते, टोपी घालूनच, जणू बाहेर जायचं आहे. टीव्हीचा आवाज बंद होता. मी त्यांच्या मुलाला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"कसलीही नोंद झालेली नाही," मी त्याला सांगितलं. "मी तिथे होतो. अधिकारी उलट त्यांना शाबासकी देऊन गेला."

"तुमचं ठीक आहे दादा," तो म्हणाला. "तुम्ही सिटिझन. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलंय. बाबांना समजावून सांगितलं तरी ते बोंबलणार."

"बोंबलू देत. मी खिडकीतच असतो. काही झालं तर मी आहे. त्यांना असं कोंडू नकोस यार, परत भारतात जायचे दिवस जवळ आलेत त्यांचे."

 तो बाहेर जाऊन वडिलांना म्हणाला, "बाबा, उद्यापासून बसा. पण काठी घरी ठेवायची."

दुसऱ्या सकाळी काका मेपलखाली होते, काठीशिवाय. मुलगी त्यांना पाहून नाचली. तिनं त्यांना विचारलं, की तुमचा मुलगा कसा तयार झाला? काका म्हणाले, "झाला बा. माह्यावर माया हाय त्याची." मी गेलो होतो हे ना त्यांनी सांगितलं, ना मी. माझ्याकडे पाहून त्यांनी एकदा नुसती मान हलवली. एवढं मात्र मला दिसलं.

अंडी फुटण्याआधीच त्यांच्या परतीचा दिवस आला. त्यांच्या मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी त्यांना ओ'हेअरला सोडायला गेलो. माझी मुलगीही आली, मागच्या सीटवर त्यांच्याशेजारी बसून. विमानतळावर ती त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. तिची स्वतःची आजी परत गेली तेव्हा ती एवढी रडली नव्हती. काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नको वं. तिच्याकडं पाहजो. पिल्लं निघाले की मले दाखवजो. आन् बापाले त्रास नको देजो, चांगला मानूस हाय तो."

 ज्याचा आपण महिनाभर हेवा करतो त्यानं आपल्याला चांगलं म्हणावं, यासारखं अवघड दुसरं काही नसेल. मी त्यांच्या पाया पडलो. मुलीनं ते पाहिलं आणि तीही वाकली.

येताना ती पुढच्या सीटवर बसली. घरापर्यंत तिनं इअरबड घातले नाहीत.

एका सकाळी, सुट्टी लागल्यावर, तिनं मला झोपेतून हलवून उठवलं. "डॅड! दे आर हॅचिंग!" आम्ही दोघं चपलाही न घालता मागे धावलो. एक पिल्लू आधीच बाहेर होतं. कापसाचा बोळा दोन काड्यांवर ठेवावा तसं. अंग पुरतं वाळलंही नव्हतं आणि उभं राहून धडपडत चाललं होतं. दुसरं अंड्यातून निम्मं बाहेर. टिटवी किंचाळत नव्हती. हळू, घशातल्या घशात काहीतरी म्हणत होती.

मुलीनं लगेच काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिला त्यांच्याशी नीट बोलायचं होतं, दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. "होल्ड धिस. लोअर. स्टेडी." तिकडे अकोल्यात संध्याकाळ होती. काकांच्या मागे काकू, आणि आणखी दोन-तीन चेहरे गोळा झाले होते.

"काका, पाहा! दोन निघाले! तिसरं आवाज करून राहिलं आतून!"

"अरे बाप्पा! चालूनच राहिलं की ते! पाय पाय, कसे बारके!"

मी ओल्या गवतात गुडघ्यावर बसून फोन धरला होता. माझी मुलगी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. ती भरभरून, न थांबता, चुकत, हसत, माझ्या भाषेत बोलत होती, आणि ते सगळं माझ्या हातातल्या काचेत शिरून दुसऱ्याकडे चाललं होतं. मी फोनऐवजी तिच्याकडेच बघत होतो.

तिनं वळून पाहिलं आणि चिडून म्हणाली, "बाबा! फोन काहून हलवून राहिला तू?"

पाच वर्षांत तिनं मला मराठीत म्हटलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. 'डॅड' नाही, बाबा. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मी काही दुरुस्त केलं नाही. म्हटलं, "नाही हलवत," आणि दोन्ही हातांनी फोन धरला.

तिसरं पिल्लू दुपारी बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी टिटवी तिघांना घेऊन पार्किंग ओलांडून तळ्याकडे गेली. मुलगी पुढे आणि मी मागे, असे आम्ही गाड्या थांबवत गेलो. त्या दगड मारणाऱ्या मुलांपैकी एकाची आई गाडीत होती. ती पिल्लं जाईपर्यंत इंजिन बंद करून थांबली, काच मात्र खाली केली नाही. तळ्याकाठी एक पिल्लू पुढच्या आठवड्यात दिसेनासं झालं, बगळ्यानं नेलं असेल. दोन मोठी झाली आणि उडाली. कंत्राटदार आला आणि बाकी राहिलेल्या कोपऱ्यावर काळा थर घालून गेला.

आता ती माझ्याशी सगळं मराठीत बोलते, असं नाही. कधी एखादं वाक्य येतं, बहुतेक भूक लागल्यावर किंवा चिडल्यावर. ते पुणेरी नसतं. दर रविवारी सकाळी, पूर्वी ज्या वेळी आम्ही मराठी शाळेला निघायचो त्याच सुमाराला, ती काकांना फोन लावते आणि वरच्या खोलीतून तासभर हसणं ऐकू येतं. मी तेव्हा धुतलेले कपडे घड्या करायला जिन्याजवळच्या पलंगावर बसतो. कपडे फार नसतात.

परवा काकांच्या मुलानं सांगितलं, की त्याचं एक्स्टेन्शन मंजूर झालं आणि काका-काकू दोघंही पुढच्या उन्हाळ्यात येताहेत. मुलगी घरभर नाचली. बायकोनं मला विचारलं, "तुला आनंद झाला ना?"

"झाला की," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत हसली.